घशातले दात आणि अन्वरचं लग्न

रोहूच्या तोंडात खुशाल बोट घाला, तो चावणार नाही. त्याच्या तोंडात एकही दात नसतो. कटला, मृगळ, गवत्या, सायप्रिनस या त्याच्या सगळ्या भाऊबंदांची तोंडं अशीच बोळकी. प्राणिशास्त्राच्या वर्गात मी हे सांगायची तेव्हा मासे खाणारी मुलं मागच्या बाकावरून कुरकुरायची, "मॅडम, आमच्याकडं दर रविवारी रोहू असतो. दात असतात की!" असतात ना, पण घशात. कल्ल्यांच्या मागं दोन वाकडी हाडं असतात आणि त्यांच्यावर दातांच्या रांगा. मासा तोंडानं अन्न नुसतं ओढून घेतो, घशात दळतो आणि मग गिळतो. आपण जे काम ओसरीवर उरकतो ते तो माजघरात करतो, एवढाच फरक.

नोकरीची सगळी वर्षं मी या माजघरात डोकावत काढली. गवत्याच्या दातांना करवतीसारख्या कडा असतात, कारण त्याला पाणवनस्पती कापायच्या असतात. सायप्रिनसचे दात चपटे, दाढांसारखे, कारण तो गोगलगायी फोडून खातो. दात झिजले की पडतात आणि नवे येतात, ते थेट मरेपर्यंत. परवा दवाखान्यात दोन दाढा बसवून घेताना मला या मंडळींचा फार हेवा वाटला.

खरी गंमत पुढंच आहे. या माशांच्या पूर्वजांच्या तोंडात दात होते. काही कोटी वर्षांपूर्वी ते गेले. पण दात घडवायची विद्या गेली नाही, ती जनुकांत शाबूत आहे, नाहीतर घशात तरी कुठून आले असते? तोंडातली शाखा बंद झाली, घशातली चालू राहिली. तोंडातल्या शाखेला कुलूप कुणी घातलं, यावर अभ्यासक अजून भांडतात. मीही पुष्कळ भांडले. माझं भांडण ऐकायला परिषदेत शेवटच्या सत्रात चार माणसं असायची, त्यातले दोघे चहाची वाट बघत असायचे.

मी मूळची वैजापूरची. वडिलांची कांद्याची आडत आणि चातुर्मासात घरात कांदा बंद, असं आमचं घर. मासा मी आजतागायत चाखलेला नाही. पण माशांची डोकी किती उकळली याला गणती नाही. हाडं स्वच्छ काढायची तर डोकं मंद आचेवर उकळावं लागतं. कमी उकळलं तर मांस सुटत नाही आणि जास्त उकळलं तर दात गळून पातेल्याच्या तळाशी जातात. मग कुठला दात कुठल्या रांगेतला, बसा जुळवत. मांस सुटलं की हाड जुन्या टूथब्रशनं घासायचं. कॉलेजातला गॅस संपलेला असला की हा उद्योग पुंडलिकनगरात आमच्या गच्चीवर चालायचा. शेजारच्या काकूंनी एकदा नाकाला पदर लावून विचारलं, "अहो, तुम्ही शाकाहारी ना?" मी म्हटलं, "पूर्ण. मी फक्त त्यांचे दात घासते." त्यानंतर बरेच दिवस त्यांनी आमच्याकडं पाणीसुद्धा घेतलं नाही.

असल्या ज्ञानाचा कुणाला काय उपयोग, असं घरचे विचारायचे. उपयोग एकदा झाला. धरणाचं पाणी ओसरल्यावर एका गावात चिखलात छोटा जबडा सापडला. त्यावर दाढा. लहान बाळाचा म्हणून गावात हलकल्लोळ, दोन भावकींत आधीपासून वैर, एकमेकांवर संशय. एक हवालदार तो रुमालात गुंडाळून कॉलेजात घेऊन आला. बिचाऱ्याचा चेहरा पडलेला. मी रुमाल उघडला आणि मला हसू आवरेना. सायप्रिनसच्या घशाचं हाड ते, अगदी देखणं, एकही दाढ न हललेली.

"मॅडम, हसताय काय? खून हाय का नाय ते सांगा."

"खून आहे, हवालदारसाहेब. पण तळून खाल्लाय."

तो इतका सुटल्यासारखा हसला की शिपाई बघायला आला. हाड मात्र त्यानं मला दिलं नाही, साहेबांना दाखवायचं म्हणून परत नेलं. इतका सुंदर नमुना मला पुन्हा मिळाला नाही.

पुढं माझ्याकडं झेब्राफिश आले. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला हा मासा रोहूचाच लांबचा नातेवाईक, त्याचेही दात घशात. त्यातलं एक वाण मला एका मोठ्या प्रयोगशाळेनं दिलं होतं. एका जनुकात बिघाड, त्यामुळं त्यांच्या अंगावर खवले नव्हते आणि घशात दात नव्हते. माझ्या विद्यार्थिनींनी त्यांचं नाव ठेवलं उघडेबंब. त्या बिघडलेल्या जनुकाचं काम समजायला सोपं आहे. गर्भाची कातडी तयार होत असते तेव्हा तिच्यात जागोजागी हाळी द्यावी लागते: इथं वाक, इथं काहीतरी उगवायचंय. हाळी पोचली की माशाच्या अंगावर खवला येतो आणि घशात दात येतो. माणसाला त्याच हाळीनं दात येतात, केस येतात आणि घामाच्या ग्रंथी तयार होतात. हाळी दिलीच गेली नाही तर कातडी आपली गुळगुळीत पडून राहते. उघडेबंबांना मी अन्न कुटून, अगदी पूड करून घालायची. आईनंही मला एवढं कुटून घातलं नसेल.

आता अन्वर. उकळायची डोकी मला तोच पुरवायचा. मासळीबाजारात त्याचा ओटा होता, आधी त्याच्या वडिलांचा होता, ते गेल्यावर याच्याकडं आला. तिशीच्या आतबाहेरचा पोरगा. डोक्यावर कायम ओला गमछा, ऐन थंडीतसुद्धा, आणि बसायची जागा बर्फाच्या पेटीला टेकून. भुवया जवळजवळ नाहीतच. बोलायचा ओठ मिटून, हसायचा तर कधीच नाही. गिऱ्हाईक त्याला घमेंडी म्हणायचं. माझ्याशी मात्र बरं जमायचं. मी पोचले की पिशवी पुढं करून म्हणायचा, "जायकवाडीचा रोहू हाय, मॅडम. दात मोजून घ्या, मागून तक्रार नको."

एका उन्हाळ्यात त्याच्या ओट्यापुढं एक गिऱ्हाईक मरळ घ्यायला आलं. मरळीच्या तोंडात खरेखुरे दात असतात. त्या माणसानं मेली म्हणून तिच्या तोंडात बोट घातलं आणि ती मेलेली नव्हती. त्याचा तो नाच बघून सगळा बाजार हसला आणि अन्वरही स्वतःला विसरून तोंड उघडून हसला. मला त्याच्या वरच्या हिरडीत दोन दात दिसले, खिळ्यासारखे टोकदार. बाकी तोंड रिकामं.

मी पिशवी खाली ठेवली. गिऱ्हाईक गेल्यावर हळूच विचारलं, "अन्वर, तुला घाम येतो का रे?"

तो गोरामोरा झाला. "तुमाला कोन बोललं?"

"कुणी नाही. येतो का?"

"नाय येत." त्यानं गमछा कपाळावर ओढला. "आजपस्तोर सगळ्यांनी दाताचंच विचारलं, मॅडम. घामाचं तुमीच पैले."

मग त्यानं सांगितलं ते ऐकून मी बर्फाच्या पेटीवरच बसले. लहानपणी उन्हाळा लागला की त्याला ताप चढायचा. डॉक्टर बदलले, औषधं बदलली, ताप जाईना. शेवटी आईनं त्याला ओल्या चादरीत गुंडाळायला सुरुवात केली आणि त्यानं तो वाचला. त्याचा मामा असाच होता, तो लहानपणीच एका उन्हाळ्यात तापानं गेला. लोक म्हणायचे, बापानं एवढ्या माशांची तोंडं कापली, त्यांची बद्दुआ पोराच्या तोंडाला लागली. शाळा सोडून तो ओट्यावर आला तो धंद्याच्या ओढीनं नाही, बर्फासाठी आला.

"अम्मी लग्नाच्या मागं लागलीय," तो म्हणाला. "मी म्हनतो नक्को. मी इथं बर्फाजवळ बसून जगलो. उद्या माज्यावानी पोरगं झालं, तर त्याला जिंदगीभर बर्फावर ठिवू का?"

अन्वरला बघताना मला सारखे माझ्या टाकीतले उघडेबंब दिसत होते. जनुक बहुतेक तेच. पण मी पडले माशांची बाई. रोहूचा घसा बघून मी त्याचं खानदान सांगेन, माणसाच्या बाबतीत अंदाज सांगायचा मला हक्क नाही. मी त्याला माझ्या डॉक्टर मैत्रिणीकडं नेलं. तिनं तपासलं, रक्त बाहेरगावी पाठवलं आणि सांगितलं की घरातल्या मोठ्या माणसांशी बोलावं लागेल.

घरात मोठी माणसं म्हणजे एकटी त्याची आई. मी त्यांना खाला म्हणायची. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः सतरंजीवर बसल्या आणि ओढणीचं टोक तोंडापुढं धरूनच बोलायला लागल्या. मी त्यांच्या भावाचं विचारलं. त्यांनी सांगितलं. मग त्यांच्या स्वतःच्या मामांचं विचारलं. त्यांतलेही एक असेच गेलेले. पुढचा प्रश्न विचारण्याआधी मी चहाचा घोट घेतला, तेवढ्यात त्यांनी ओढणी बाजूला केली. पुढचे दोन दात त्यांना आलेलेच नव्हते.

"मेरे तरफ से आया ना, मॅडम?" त्या म्हणाल्या. "सच बोलो."

खोटं बोलायची सोय नव्हती. मी म्हटलं, "हो, तुमच्याकडून आलं. पण तुम्ही दिलं नाही, खाला. जनुकाची नक्कल होताना कधीतरी कुठंतरी चूक होते. अशा चुका माझ्यात असतील, तुमच्यात आहेत, माशांत तर ढिगानं असतात. कुणाची चूक दिसते, कुणाची झाकून राहते."

त्या रडल्या. मला वाटलं स्वतःसाठी रडताहेत. डोळे पुसून म्हणाल्या, "मतलब अन्वरच्या अब्बाला लोक फुकट बोलले. ते बिचारे मरेपर्यंत मानत राहिले, मछली की बद्दुआ म्हनून."

"माशांना बद्दुआ द्यायची असती तर पहिली मला दिली असती," मी म्हटलं. "त्यांनी नुसती तोंडं कापली, मी तर डोकी उकळते." खाला रडता रडता हसल्या आणि हसताना त्यांनी तोंडापुढं ओढणी धरली नाही.

काही आठवड्यांनी डॉक्टर मैत्रिणीचा फोन आला. अंदाज खरा होता. मग मी अन्वरला समोर बसवून दहावीच्या पुस्तकातलं एक पान समजावलं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाप मुलाला एक्स देतच नाही, वाय देतो. म्हणजे अन्वरला जी धास्ती होती ती जागेवरच खोटी होती. त्याच्या मुलाला त्याच्याकडून हा बिघाड जाणारच नाही, दातही येतील आणि घामही येईल. मुलगी झाली तर मात्र तिच्याकडं तो नक्की जाणार. पण तिच्याकडं आईचा चांगला एक्सही असेल, त्यामुळं तिला खालांसारखे एखाद-दोन दात कमी, अंगावर कुठं घाम कमी, असं काहीतरी होईल. किती होईल ते आधी सांगता येत नाही.

अन्वरनं गमछा पिळला, पुन्हा डोक्यावर घातला. "हे तर समदं उलटंच हाय की, मॅडम. मी तर आजवर दुवा मागायचो, लग्न झालंच तर पोरगी दे म्हनून."

त्यानंतर दौलताबादहून स्थळ आलं. सलमा नावाची मुलगी, वडिलांची सीताफळाची बाग. अन्वरनं लगोलग कवळी करून घेतली, घाईघाईत, कुठल्याशा स्वस्तातल्या माणसाकडून. ती घालून बोलला की शिट्टी वाजायची, आणि मुलीचं नाव नेमकं स वरून सुरू होणारं. तरी बघण्याचा कार्यक्रम त्यानं, एका सलामाची शिट्टी सोडली तर, मुकाट बसून निभावला. मुलगा अबोल आहे, म्हणून तिकडचे खूश झाले. मग त्यांनी लग्नाची तारीख काढली मे महिन्यातली, पाहुण्यांना सुट्या असतात म्हणून.

तो धावत माझ्याकडं आला. "मॅडम, शेरवानी घालून मांडवात बसलो तर मीच जातो. तुमी काईतरी बहाणा सांगा."

"डिसेंबरात लग्न कर."

"कायकू म्हनून विचारतील."

"मग सांग कायकू ते."

"सांगितलं की मोडंल."

"मोडायचं असेल तर आत्ताच मोडू दे," मी म्हटलं. "तिला हे मांडवात कळायला नको. खोटं मी माशाबद्दलही सांगत नाही, आणि ही तर जिवंत मुलगी आहे." मी फार कडक बोलले असेन. तो दोन दिवस ओट्यावर माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "चला मग. पर तुमी संगती पायजे."

दौलताबादला सलमाच्या वडिलांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, सीताफळं आणली, सरबत आणलं. मग विचारलं, "मियाँ, मे में क्या बुराई है?"

अन्वर माझ्याकडं बघायला लागला. मी सीताफळाच्या बिया काढत राहिले. बोलायचं त्यानंच होतं. त्यानं खिशातून रुमाल काढला, तोंडातली कवळी काढून त्यात ठेवली आणि रुमाल सरबताच्या ग्लासांशेजारी ठेवला. मग त्यानं सगळं सांगितलं. घाम, ताप, मामा, बर्फ, काहीही गाळलं नाही. शिट्टी न वाजवता एवढा वेळ बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होते. गमछ्याचं पाणी त्याच्या मानेवरून ओघळत होतं.

सलमाच्या वडिलांनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, आप डॉक्टर हो?"

"हो," मी म्हटलं. "माशांची."

हे उत्तर काही त्यांना धीर देणारं नव्हतं. ते उठून आत जायला निघाले, आणि दारातच थांबले, कारण सलमा बाहेर येत होती. ती थेट माझ्यासमोर बसली. "मी मराठी शाळेत शिकले, मॅडम. मराठीत सांगा. मुलगा झाला तर?"

"काही होणार नाही."

"मुलगी झाली तर?"

"तिच्यात हे असेल. थोडं दिसेल, कदाचित दिसणारही नाही. तिच्या मुलांना मात्र होऊ शकतं."

"तिच्या मुलांना, म्हणजे माझ्या नातवांना." तिनं बोटांवर वर्षं मोजली. "तोवर मी म्हातारी झालेली असंन. तवा कोण जाणे काय काय औषधं निघतील. आणि नाय निघाली, तर ओली चादर कशी गुंडाळायची ते आपल्याला ठाऊक असंलच की." मग ती वडिलांकडं वळली. "अब्बा, डिसेंबर चांगला हाय. बागेचं कामही उरकलेलं असतं." आणि जाता जाता, रुमालाकडं बघत, अन्वरला म्हणाली, "ते दात मात्र दुसरे करून घ्या. लई वाजतात."

लग्न डिसेंबरात झालं. दुपारी जरा ऊन चढलं तर सलमाच्या वडिलांनीच मांडवात दोन कूलर लावले, एक नवरदेवाकडं तोंड करून. बाकीचे पाहुणे शाली गुंडाळून कुडकुडत जेवले आणि कुणीही एका शब्दानं तक्रार केली नाही. अन्वर नवी कवळी घालून हसत होता. फोटोग्राफर सारखा म्हणत होता, "दुल्हे मियाँ, आता बस करा, फोटोत डोळे दिसू द्या."

मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या टाक्या कोरड्या झाल्या. नव्या माणसांचे विषय नवे, त्यांना माशाच्या घशात डोकावायला वेळ नाही. उघडेबंबांचा वंश मी दुसऱ्या प्रयोगशाळेला देऊ केला होता, तो कुणी घेतला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. कधी कधी वाटतं, जन्मभर दुसऱ्याच्या दातांत लक्ष घातलं त्याचं शेवटी काय झालं? गच्चीवर एक काळं पातेलं उरलं.

अन्वर-सलमाला पावसाळ्यानंतर मुलगी झाली, आयशा. तिच्यात ते जनुक असणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण तिला घाम येईल का, किती येईल, हे उन्हाळ्याशिवाय कळणार नव्हतं. उन्हाळा आला, आणि अन्वरनं त्या पोरीला कूलरसमोरून हलूच दिलं नाही. बाजारातून बर्फ आणायचा, ओल्या पंच्यानं तिचं अंग पुसायचा, सलमानं जरा कूलर बंद केला की ओरडायचा. "अरे, तिला थोडं उकडू दे," मी फोनवर चिडायची. "नाहीतर कळणार कसं?" तो म्हणायचा, "उद्या बघू, मॅडम. आज लई ऊन हाय." असा त्याचा उद्या एप्रिल संपला तरी उगवेना. मला त्याची भीती समजत होती. त्याला जे कळून घ्यायचं होतं तेच त्याला कळू द्यायचं नव्हतं.

मग एका दुपारी वाऱ्यावावटळीत त्यांच्या भागातली वीज गेली आणि परत येईना. सलमा माहेरी आईला बघायला गेलेली. अन्वरचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"मॅडम, आयशाच्या कपाळावर पानी आलंय."

मी म्हटलं, "तूच पुसलं असशील ओल्या पंच्यानं."

"नाय पुसलं. पंचा कवाच वाळला. ती झोपलीय."

"मग नीट बघ. कुठून गळालं असेल."

पलीकडून पोरीचं कुरकुरणं ऐकू आलं, झोपमोड झाल्यासारखं. मग तो फोनवर आला. तो हसत होता की रडत होता, मला सांगता येणार नाही.

"चाटून बघितलं, मॅडम," तो म्हणाला. "खारट हाय."